फ्लाइंग ट्रेनिंगमधले मार्क, मेरिट आणि कोर्समेट: घरच्यांनी फोनवर काय बोलावं?

पाऊसवाट
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ सध्या एअरफोर्सच्या फ्लाइंग ट्रेनिंगमध्ये आहे, पहिली स्टेज, पीसी-७ हे शिकण्याचं विमान. कुठला कोर्स वगैरे इथे लिहीत नाही, लिहिणं बरोबरही नाही. फोन आठवड्यातून एकदा, तोही थोडाच वेळ. सुरुवातीला फोनवर नुसतं विमान असायचं, ढगांच्या वर गेल्यावर काय दिसतं, पहिल्यांदा लूप मारला तेव्हा पोटात काय झालं, मला काही कळत नसलं तरी ऐकायला फार छान वाटायचं. गेला महिनाभर मात्र फोनवर फक्त मार्क आहेत. अमक्याला लँडिंगला जास्त पडले, तमक्याचं सोलो, म्हणजे एकट्याने उडणं, आधी झालं, आपल्याला कडक इन्स्ट्रक्टर मिळाला आणि शेजारच्याला सौम्य, वहीच्या शेवटच्या पानावर म्हणे सगळ्या कोर्सचा अंदाजे नंबर काढून ठेवलाय त्याने आणि दर दोन दिवसांनी तो बदलत असतो.

तो लहानपणापासून वर्गात पहिला. म्हणजे मागे पडणं काय असतं हे त्याला खरंच माहीत नाही, ते पहिल्यांदा आता कळतंय आणि तेही अशा ठिकाणी जिथे सगळेच आपापल्या गावातून पहिले येऊन बसलेत.

पण मी धागा काढला तो दुसऱ्याच कारणाने. मागच्या रविवारी त्याने सांगितलं की एका कोर्समेटने रात्री खोलीवर येऊन इमर्जन्सीची प्रोसीजर एकदा ऐकून घे म्हणून विचारलं, आणि याने झोप आलीय सांगून टाळलं. झोप आली नव्हती. तो मुलगा मेरिटमध्ये याच्या जरा पुढे आहे एवढंच. हे सांगताना त्याचा आवाज एकदम बारीक झाला. मला रात्री झोप लागली नाही हो. मार्क कमी पडल्याचं मला काही वाटत नाही, पण हा असा नव्हता. इथे कोणी ट्रेनिंगमधून गेलेलं असेल तर सांगा, घरून आपण काय बोलावं?

जुना_क्यूएफआय
ताई, मी निवृत्त आहे. तांबरमच्या फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूलमधून इन्स्ट्रक्टर झालो आणि मग कितीतरी वर्षं पोरांच्या शेजारी बसून उडलो. शेजारी म्हणजे खरंच शेजारी, आमच्या वेळी शिकवायला एचपीटी-३२ विमान होतं, किरण होतं, दोन्हींत सीट बाजूबाजूला. पोराचा चेहरा दिसायचा, घाम दिसायचा, हात स्टिकवर किती घट्ट आवळलाय ते दिसायचं. २००९ मध्ये एचपीटीचं उड्डाण बंद केलं, २०१३ पासून पीसी-७ आलं, त्यात इन्स्ट्रक्टर मागच्या सीटवर असतो. त्यामुळे पोराला आता मागून फक्त आवाज ऐकू येतो आणि तो आवाज आपल्याला मार्क देतोय असंच त्याला सारखं वाटत राहतं. हे मी मुद्दाम सांगतोय कारण याचा परिणाम होतो.

आता शीटचं सांगतो. प्रत्येक सॉर्टीनंतर, म्हणजे प्रत्येक उड्डाणानंतर, जे शीट लिहिलं जातं ते पोरं रिझल्ट म्हणून वाचतात, आणि मी लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर उद्या याच्याबरोबर कोण उडणार तो इन्स्ट्रक्टर असायचा. त्याला कळायला हवं की या पोराची उंची टर्नमध्ये सुटते, की हा रेडिओवर बोलायला लागला की बाहेर बघायचं विसरतो. ग्रेड एका बाजूला असते, पण खाली ज्या दोन-चार ओळी असतात ना, खरी गोष्ट तिथे असते. आम्ही फाइल चाळताना आधी काय बघायचो? तीच चूक सलग तीन शीटांत आहे का. नवी चूक रोज करणारं पोरगं शिकत असतं. जुनी चूक धरून बसलेलं पोरगं काळजीचं, मग त्याचे मार्क बरे असले तरी.

डीब्रीफला, म्हणजे उडून आल्यावर चुका बोलायला बसतो तेव्हा, समोर बसलेलं पोरगं माझ्या बोलण्याकडे लक्ष देतंय की माझ्या पेनाकडे बघतंय हे मला लगेच समजायचं. पेनाकडे बघणाऱ्याला दुसऱ्या दिवशी विचारलं की काल मी काय सांगितलं, तर त्याला आकडा आठवायचा, वाक्य एकही आठवायचं नाही. मग पुढे पुढे मी पेन खिशातच ठेवायला लागलो, आधी सगळं बोलून घ्यायचं, पोराला स्वतःच्या तोंडाने चुका सांगायला लावायच्या, तो गेला की लिहायचं.

तुमच्या भावाला एवढंच विचारा, की या आठवड्यात शीटवर कुठली ओळ परत आली? नंबर विचारू नका.

आफ्टरबर्नर
सरांचा मान राखून थोडं वेगळं बोलतो. मार्क महत्त्वाचे नाहीत असा दिलासा कृपया देऊ नका, कारण ते महत्त्वाचे आहेत आणि त्या मुलाला ते माहितीये, आपण खोटं बोललो तर तो घरच्यांशी बोलणंच बंद करेल. पहिल्या स्टेजनंतर फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर अशी विभागणी होते. त्यात मेरिट बघतात, तुमची ॲप्टिट्यूड बघतात, तुमची इच्छा बघतात आणि सर्व्हिसला त्या वेळी काय हवंय ते बघतात. चौथी गोष्ट कोणाच्याच हातात नाही, तिसरी सगळ्यांची जवळपास सारखीच असते, म्हणजे उरतात दोन. बीदरला हॉकवर, म्हणजे फायटरवाल्यांच्या ट्रेनिंगच्या जेटवर, जाऊन बसायचंय म्हणणारे खूप आणि जागा मोजक्या. पुढे पासिंग आउटला स्वोर्ड ऑफ ऑनर, म्हणजे मेरिटमध्ये पहिल्याला देतात ती मानाची तलवार, एकालाच मिळते. स्पर्धा आहे ती आहे, आणि माझ्या मते असायलाही हवी, कारण फायटर चालवणाऱ्यावर देशाने किती विश्वास टाकलेला असतो याचा विचार करा.

मला स्वतःला स्पर्धेचा फायदाच झाला. माझ्या पुढे असलेल्या मुलाला बघून मी पहाटे उठून चेअर फ्लाइंग करायला लागलो. म्हणजे खुर्चीत बसायचं, डोळे मिटायचे, हातात काठी धरल्यासारखं करायचं आणि स्टार्टपासून स्विच ऑफपर्यंत आख्खी सॉर्टी तोंडाने बोलत उडायची. तो नसता तर मी केलं नसतं.

पण कोर्समेटला टाळलं ते मात्र चूकच. तिथे मी ताईंच्या बाजूने.

सरासरी
मी उडणारी नाही, संख्याशास्त्र शिकवते. पण या विषयावर आमच्याकडची एक फार गाजलेली गोष्ट आहे आणि ती फ्लाइंग इन्स्ट्रक्टरांचीच आहे, म्हणून राहवलं नाही.

डॅनियल कानेमन नावाचे मानसशास्त्रज्ञ, ज्यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते १९६०च्या दशकात इस्रायली हवाई दलाच्या इन्स्ट्रक्टरांना शिकवत होते. त्यांनी सांगितलं की शिकवताना शिक्षेपेक्षा कौतुक जास्त उपयोगी पडतं. त्यावर एक अनुभवी इन्स्ट्रक्टर उठले आणि म्हणाले की आमचा अनुभव याच्या उलट आहे, एखाद्याने कसरत उत्तम केली म्हणून शाबासकी दिली की पुढची हमखास बिघडते, आणि वाईट केल्यावर ओरडलं की पुढची सुधारते. कानेमनना त्या क्षणी लक्षात आलं की निरीक्षण अगदी बरोबर आहे पण त्यातून काढलेला अर्थ चुकीचा आहे. शिकाऊ माणसाची प्रत्येक कसरत त्याच्या सरासरीच्या आसपास वरखाली होत असते. फारच चांगली झाली म्हणजे त्यात थोडा योगायोगही होता, पुढची साधारणच होणार. फारच वाईट झाली तर पुढची आपोआप बरी होणार. ओरडण्याचा आणि शाबासकीचा त्यात काही हात नाही. याला सरासरीकडे परतणं म्हणतात, गॉल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीवरून ते दाखवलं होतं.

आता हे तुमच्या भावाच्या वहीला लावा. दोन दिवसांनी नंबर बदलतो यावरून तो उतरणीला लागल्याचं किंवा शेजारचा हुशार झाल्याचं काहीच सिद्ध होत नाही, त्यातला मोठा भाग वारा, विमान, झोप, समोरचा इन्स्ट्रक्टर यांचा असतो. एका सॉर्टीवरून नंबर काढणं म्हणजे एका श्वासावरून ताप मोजणं. आठ-दहा सॉर्टींची रेघ बघितली तर काहीतरी अर्थ निघेल.

आणखी एक. मार्क दोन प्रकारचे असतात. अमेरिकन एअरफोर्समध्ये प्रत्येक कसरतीला अनसॅटिस्फॅक्टरी, फेअर, गुड, एक्सलंट अशी ग्रेड देतात आणि कुठल्या टप्प्याला कुठल्या कसरतीत कुठपर्यंत पोचायला हवं हे आधीच लिहून ठेवलेलं असतं, म्हणजे तुमची तुलना ठरलेल्या रेषेशी. त्यांच्या नेव्हीत मात्र मार्कांचं नेव्ही स्टँडर्ड स्कोअरमध्ये रूपांतर होतं, सरासरी ५० धरून, म्हणजे तुलना तुमच्याआधी उडालेल्या मुलांशी. पहिल्या प्रकारात सगळा वर्ग एकदम चांगला असू शकतो. दुसऱ्या प्रकारात सगळ्यांचीच पातळी वर गेली की सरासरीही वर सरकते, त्यामुळे एकूणात निम्मे जण साधारण ५०च्या खालीच राहणार, ते गणितच तसं आहे. पोरगं रोज कुठली तुलना डोक्यात घेऊन झोपतंय हे विचारून बघा.

जुना_क्यूएफआय
सरासरी ताई, हे मला नोकरीत असताना कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मीही अगदी त्या इन्स्ट्रक्टरसारखंच समजत होतो कितीतरी वर्षं, ओरडलं की सुधारतात. ज्या पोरांवर ओरडलो त्यांची आठवण येते आता.

आणि तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला धरून सांगतो, आपल्याकडे दोन्ही आहे. सोलोला सोडायचं की नाही ते ठरलेल्या रेषेवर, तिथे शेजारचा काय करतो याचा काडीचा संबंध नसतो, पोरगं एकटं सुखरूप उतरवेल का एवढाच प्रश्न. मेरिट लिस्ट म्हटली की तुलना आली. पोरं दोन्ही एकत्र करून टाकतात आणि सोलोचीही शर्यत लावतात. माझ्या एका पुपिलचं सोलो कोर्समध्ये जवळपास शेवटी झालं होतं, पुढे तो स्वतः इन्स्ट्रक्टर झाला आणि फार चांगला झाला.

धावपट्टी
मी सहसा लिहीत नाही. वाचतो.

मला फ्लाइंगमधून सस्पेंड केलं होतं, म्हणजे पायलटच्या ट्रेनिंगमधून काढलं होतं, बरीच वर्षं झाली. ठिकाण, वर्ष काही सांगणार नाही. ताईंनी लिहिलेलं वहीचं शेवटचं पान माझ्याकडेही होतं, म्हणून लिहितोय.

एका सोलो सॉर्टीत मी लोकल एरियात, म्हणजे तळाच्या आसपासच्याच भागात, काही मिनिटं हरवलो होतो. धुरकट हवा होती, खालचा तलाव मी दुसराच समजलो, आणि मान वर केली तर रनवे जिथे असायला हवा तिथे नाही. तोंड कोरडं पडलं. मग नशिबाने रेल्वे लाइन दिसली, तिच्यावरून परत आलो, लँडिंगही चांगलं झालं. डीब्रीफमध्ये विचारलं कसं झालं, मी म्हणालो छान झालं सर. का? कारण त्या आठवड्यात मी पहिल्या काही जणांत होतो आणि मला शीटवर ती ओळ नको होती. शीट स्वच्छ आलं. मला आनंद झाला होता हे मला अजून आठवतं.

ती ओळ शीटवर आली असती तर कोणीतरी मला घेऊन परत एकदा त्या एरियावर गेलं असतं, तलाव दाखवला असता, नकाशावर बोट ठेवून घेतलं असतं. तसं झालं नाही. मग पुढे इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग (बाहेर न बघता फक्त यंत्रांवरून उडणं) आणि नेव्हिगेशन सुरू झाल्यावर तीच भीती रोज बरोबर यायला लागली, आपण कुठे आहोत हे कळेनासं होईल ही, आणि ती मी कोणालाही सांगितलेली नव्हती त्यामुळे माझं काय बिघडलंय ते कोणालाच समजेना. चांगला उडणारा मुलगा अचानक का ढासळला म्हणून सगळे बुचकळ्यात. रिव्ह्यू झाले, जादा सॉर्टी दिल्या, शेवटी गेलो. कोणाचाही दोष नाही त्यात.

त्यानंतरचे सहा महिने वाईट गेले. वडील काही बोलायचे नाहीत, आणि तेच जास्त लागायचं. मग ग्राउंड ड्युटीत गेलो, नोकरी केली, मनापासून केली. आज मला कोणी विचारलं की सस्पेंड झाल्याचं दुःख आहे का, तर आहे, रनवेजवळून जाताना अजून मान वर होते. पण त्याहून जास्त दुःख त्या छान झालं सर या वाक्याचं आहे.

ताई, भावाला म्हणावं शीट खराब झालं तरी चालेल, खरं सांग. आणि तुम्ही घरचे खराब शीट ऐकून गप्प होऊ नका. माझ्या घरी गप्प व्हायचे.

उजवी_सीट
धावपट्टी दादा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. मी दोनदा वाचलं.

मी ट्रान्सपोर्टची. मला फायटर हवं होतं, आमच्या वेळी मुलींना ते दार बंद होतं, २०१६ च्या जूनमध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग दुंडिगलच्या एअरफोर्स ॲकॅडमीतून पहिल्या फायटर पायलट म्हणून बाहेर पडल्या तो फोटो बघून मी रडले होते. पण सांगायचं ते वेगळंच आहे. ट्रेनिंगमध्ये असताना आम्हाला वाटायचं फायटर वर, बाकी खाली, फायटर, ट्रान्सपोर्ट, हेलिकॉप्टर या स्ट्रीमचाही जणू मेरिट नंबर आहे. मग येलहंकाला मल्टी-इंजिन शिकले, एएन-३२ या मालवाहू विमानावर गेले, आणि पहिल्यांदा अरुणाचलमधल्या छोट्या धावपट्टीवर, मेचुकाला, दोन्ही बाजूंना डोंगर, खाली ढग, तिथे उतरलो तेव्हा माझ्या कॅप्टनचं ट्रेनिंगमधलं मेरिट काय होतं हा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही. मला एवढंच हवं होतं की माझ्या तोंडून चुकीचा आकडा गेला तर त्यांनी मला टोकावं आणि त्यांचं काही चुकलं तर मी टोकल्याचा त्यांना राग येऊ नये.

हे टोकणं कुठे शिकतो आपण? कोर्समेटच्या खोलीत, रात्री. आमच्या कोर्समध्ये चार जणी-जण बसायचो, एक जण इमर्जन्सी द्यायचा, इंजिन गेलं बोल, दुसरा खुर्चीत बसून बोलायचा, बाकीचे चुका काढायचे. दुसऱ्याची प्रोसीजर ऐकताना स्वतःची पक्की होते, कारण त्याने एक पायरी गाळली की ती आपल्याला जन्मभर आठवते. अमेरिकन ट्रेनिंगमध्ये म्हणे कोऑपरेट अँड ग्रॅज्युएट असंच म्हणतात, एकमेकांना धरून पास व्हा. आफ्टरबर्नर, तुम्ही पुढच्या मुलाला बघून पहाटे उठलात ते छानच, पण त्याच्या खोलीत जाऊन त्याच्याबरोबर केलं असतंत तर दोघांचं आणखी चांगलं झालं असतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

१९७७ चा तेनेरिफेचा अपघात आठवतो का, दोन जम्बो विमानं धावपट्टीवर धडकली, ५८३ माणसं गेली. टेकऑफ घेणाऱ्या विमानाचा कॅप्टन त्या एअरलाइनचा ट्रेनिंग विभागाचा प्रमुख होता, कागदावर सगळ्यात पुढचा माणूस. फ्लाइट इंजिनिअरने शंका विचारलीही होती, समोरचं विमान धावपट्टीवरून निघालं नाहीये का म्हणून, ती बाजूला सारली गेली. नंबर एकच्या माणसालाही शेजारच्याचं ऐकावं लागतं.

आफ्टरबर्नर
मान्य. खरं सांगायचं तर त्याच्या खोलीत जायचं धाडस झालं नाही तेव्हा. पुढे आम्ही एकाच स्क्वाड्रनमध्ये होतो आणि तो म्हणाला की मलाही तुझी भीती वाटायची.

तयारी_चालू
मी अजून बाहेरच आहे, एसएसबीची, म्हणजे सैन्यदलात अधिकारी निवडणाऱ्या मुलाखतींची, तयारी करतोय, माझी सीपीएसएस, म्हणजे पायलट निवडायची कॉम्प्युटरवरची चाचणी, एकदाच होणार, आयुष्यात एकच संधी असते त्याची, नापास झालं तर पायलटसाठी परत देता येत नाही, त्यामुळे दडपण म्हणजे काय ते थोडंफार समजतं. मला आधार वाटतो तो ग्रुप कॅप्टन वरुण सिंग यांच्या पत्राचा. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये हवेत बिघडलेलं तेजस लढाऊ विमान त्यांनी सोडून न देता परत आणलं, त्यासाठी शौर्यचक्र मिळालं, आणि ते मिळाल्यावर सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांनी आपल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना पत्र लिहिलं. त्यात त्यांनी लिहिलंय की मी शाळेत साधारण होतो, बारावीला जेमतेम फर्स्ट क्लास, एनडीएतही अभ्यासात की खेळात चमकलो नाही, आणि साधारण असण्यात काही वाईट नाही, पण जे काम मनापासून आवडतं त्यात सगळं ओता. विमानांचं वेड होतं म्हणून एअरफोर्स ॲकॅडमीत गेल्यावर आपण बरोबरीच्यांपेक्षा पुढे आहोत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यानंतर तीनच महिन्यांनी, डिसेंबर २०२१ मध्ये, कुन्नूरजवळच्या हेलिकॉप्टर अपघातानंतर ते गेले. ते पत्र मी भिंतीवर लावलंय.

पाऊसवाट ताई, तुमच्या भावाला विमानाचं वेड होतं ना, फोनवर आधी तेच असायचं म्हणालात. त्याला विमानाचंच विचारा ना परत.

पाऊसवाट
सगळ्यांचे खूप आभार. धावपट्टी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. आमच्याकडेही बाबा गप्प होतात, आईने त्यांना तिथेच सांगितलं की या रविवारी तुम्ही बोलायचं.

रविवारी फोन आला. मी नंबर विचारला नाही, शीटवर कुठली ओळ परत आली असं विचारलं. तो आधी गप्प, मग म्हणाला तुला हे कोणी शिकवलं? मग बोलत सुटला. ओळ अशी आहे की लँडिंगला शेवटी विमानाचं नाक उचलतो ते जास्त उचलतो, विमान परत वर तरंगतं, आणि मग घाईघाईत पॉवर दिली की नाक डावीकडे जातं आणि रडर, म्हणजे पायाने नाक सरळ करायचं ते, द्यायचं राहतं. चार शीटांत आहे म्हणे. बाबांनी विचारलं, मग तरंगल्यावर तू काय करतोस, आणि दोघं दहा मिनिटं त्यावरच बोलले, बाबांना विमानातलं काही कळत नाही तरी.

कोर्समेटचंही झालं. तो स्वतःच त्याच्या खोलीत गेला, झोप आली नव्हती हे खरं सांगितलं. त्या मुलाने फक्त खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाला बस, इंजिन फायर, बोल. वहीतलं शेवटचं पान अजून आहे, फाडलं नाहीये, पण आठवडाभर त्यात काही लिहिलेलं नाही असं म्हणाला.

जुना_क्यूएफआय सर, त्या तरंगण्यावर काही सांगता येईल का? त्याला वाचून दाखवेन.

जुना_क्यूएफआय
बाबांनी विचारलेला प्रश्न अगदी योग्य होता, त्यांना सांगा.

तरंगणं बहुतेक वेळा हातामुळे नसतं, डोळ्यांमुळे असतं. खाली येताना नजर रनवेच्या ज्या ठिकाणी उतरायचंय तिथे असते, ते बरोबर आहे. पण उचलायची वेळ आली तरी पोरं तिथेच बघत राहतात, जमीन अंगावर धावून आल्यासारखी वाटते आणि हात घाबरून मागे ओढला जातो. त्या वेळी नजर उचलून रनवेच्या पलीकडच्या टोकाकडे न्यायची, मग जमीन दोन्ही बाजूंनी वर येताना जाणवते आणि हात आपोआप हळू होतो. आणि नाकाचं म्हणाल तर पीसी-७सारख्या प्रोपेलरच्या विमानात पॉवर वाढवली की ते डावीकडे ओढणारच, पॉवरचा हात पुढे गेला की उजवा पाय त्याच्याबरोबर जायला हवा, दोन्ही एकच हालचाल म्हणून शिकायची. खुर्चीत बसून करता येतं, हात पुढे, पाय पुढे, शंभर वेळा. जास्तच तरंगलं तर वाचवत बसू नये, सरळ गो अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जाऊन पुन्हा यायचं. त्याने शीटवर काही वाईट होत नाही, वेळेवर गो अराउंड घेणारं पोरगं मला नेहमी आवडायचं.

नजर नेमकी किती उंचीवर उचलायची ते मी सांगणार नाही. पीसी-७ वर त्याला शिकवणारा माणूस त्याच्या मागेच बसलेला आहे. उद्याच्या ब्रीफिंगमध्ये त्यालाच विचार म्हणावं, स्वतःहून, ही ओळ माझ्या चौथ्या शीटवर आलीय सर असं सांगून.

पाऊसवाट
लिहून घेतलं सर. हात पुढे, उजवा पाय पुढे.